पट्ट्यावरची कुंची

अमेरिकेला जाणाऱ्या मराठी आईवडिलांचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार मे महिन्यात जातो, नायगारा बघतो, लिबर्टीच्या पुतळ्यापुढे उभा राहून फोटो काढतो आणि नवरात्राच्या आत घरी परततो. दुसऱ्या प्रकारात फक्त बायका असतात आणि त्यांचा महिना लेकीचा डॉक्टर ठरवतो. मला डिसेंबर मिळाला आणि गाव मिळालं मिनियापोलिस.

मिनेसोटा हे राज्य तळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात ही तळी इतकी टणक गोठतात की लोक त्यांच्यावर मोटार नेऊन उभी करतात, बर्फाला भोक पाडतात आणि गळ टाकून मासे धरत बसतात. २०१९ च्या जानेवारीत मिनियापोलिसचा पारा उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. हे सांगताना आमच्या जावयांचा चेहरा असा फुलतो, की तो पारा त्यांनी स्वतः उतरवला असावा. तिथं तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात, आपली सवय सेल्सिअसची; मात्र उणे चाळीसला दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात. हा समेट मला पाहायला लावू नकोस, एवढंच मी देवाजवळ मागत असे.

अशा गावात तीन वर्षांच्या नातीला सकाळी डे-केअरला पोचवायचं असतं. लहान मूल आणि थंडी म्हटलं की मराठी आजीला एकच उपाय माहीत असतो, तो म्हणजे थर. आत बनियन, त्यावर पूर्ण बाहीचा टी-शर्ट, त्यावर आजीनं विणलेला स्वेटर, त्यावर फुगीर कोट, कानटोपी आणि सगळ्यावरून मफलर. मुलाचे हात अंगाला टेकेनासे झाले म्हणजे बंदोबस्त पुरा झाला. मग त्याला शी लागते. पण तो निसर्गनियम आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

असा पुरा बंदोबस्त करून मी नातीला दारात उभी केली, तर लेक म्हणते, "आई, कोट काढ तिचा."

"अगं, बाहेर उणे वीस आहे!"

"असू दे. गाडीच्या सीटमध्ये कोट चालत नाही."

बाळंतिणीच्या डोक्यात वारं जातं असं माझी सासू म्हणायची. ते हेच, असं मला वाटलं. पण तिनं मुलांची ती मोटारीतली सीट दिवाणखान्यात आणून ठेवली आणि प्रयोगच करून दाखवला. नातीला कोटासकट बसवलं. पट्टे आवळले, दोन खांद्यांवरून, दोन कमरेपाशी, एक मांड्यांमधून, असे पाच. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणली. नंतर पट्टे सैल न करता नुसतं बक्कल सोडलं, कोट उतरवला आणि तेच पट्टे पुन्हा लावले. आता त्या पट्ट्याखाली माझी पुरी मूठ गेली. मघाशी जो पट्टा घट्ट दिसत होता त्यानं मुलाला धरलंच नव्हतं, कोटातल्या हवेला धरलं होतं. गाडी आदळली की कापूस एका क्षणात चेपतो आणि मूल त्या सैल पट्ट्यातून पुढे झेपावतं. पट्टा नीट बसलाय का, हे बघायची त्यांची रीत अशी: खांद्यापाशी पट्ट्याला चिमटा काढायचा. चिमटीत सुरकुती आली तर सैल, बोटं नुसतीच घसरली तर ठीक. आमच्या काळी चिमटा गालाला काढत आणि त्यावरून मूल बाळसेदार आहे की नाही ते ठरत असे.

मी म्हटलं, "मग मी तिला मांडीवर घट्ट धरून बसते ना."

जावई इंजिनिअर आहेत. मराठी घरात जावई इंजिनिअर असला की कुठल्याही वाक्याचं उत्तर कागदावर मिळतं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारून हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर वेगानं चाललेली गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूचा जोर तिच्या वजनाच्या साधारण चौदा पट होतो. नातीचं वजन १४ किलो. म्हणजे अदमासे २०० किलो. म्हणजे साखरेची चार पोती. "आई, तुम्ही चार पोती धरून ठेवू शकाल का?" त्यांनी अगदी आदरानं विचारलं. आमच्या वाण्याचा हमालसुद्धा एका वेळी एकच पोतं उचलतो.

हा हिशेब भारतातही तोच आहे, जडत्वाला व्हिसा लागत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९४ ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या खास सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. दुचाकीसाठीही २०२२ चा नियम आहे. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट हवं, त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा आणि वेग ताशी चाळिसाच्या आत हवा. आता पुढे उभं राहून आरसा धरलेलं थोरलं, मागे आईच्या मांडीवर धाकटं, मधे दप्तर आणि पायाशी दळणाचा डबा घेऊन जाणाऱ्या स्कूटरला थांबवून हा नियम वाचून कोणी दाखवायचा? वाचेपर्यंत सिग्नल सुटतो.

त्या सीटबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण घरात माझ्याखालोखाल मान तिलाच होता. हॉस्पिटलमधून नातवाला आणताना आधी सीट दाखवावी लागली, मग मूल मिळालं. तिच्यावर वापराची शेवटची तारीख छापलेली असते. आमच्याकडे एकाच पाळण्यात चार पिढ्या निजल्या, त्याला तारीख नव्हती, फक्त कुरकुर होती. सीट गाडीत बसवताना जावई तिच्यात गुडघा रोवून, मान छताला टेकवून पट्टा ओढत होते आणि तरीही ती पट्ट्यापाशी इंचभरापेक्षा जास्त हलते की काय या शंकेनं तपासून घ्यायला गेले. हो, सीट बरोबर बसली की नाही हे तपासणारे तिथं रीतसर प्रशिक्षण घेतलेले लोक असतात. ते स्वतः काही करत नाहीत. आपल्याकडून करवून घेतात आणि शेजारी उभे राहून "अजून थोडं" म्हणतात. माझ्या शिवणक्लासच्या बाई अशाच होत्या.

शिवाय मूल बसतं ते गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कोवळी. समोरून धक्का बसला तर अशा बैठकीत डोकं, मान, पाठ सगळ्याला सीटच्या पाठीचा आधार मिळतो. पूर्वी तिथले बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांपर्यंत असं बसवा म्हणायचे. २०१८ पासून म्हणतात, सीटच्या मापात मावेल तोवर बसवा. नात सगळं जग मागे पळताना बघते. तिची काही तक्रार नाही, जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ती टाटा करते.

तर मग थंडीचं काय? लेकीकडे दोन तोडगे होते. एक, आत पातळ उबदार कपडे घालायचे, पट्टे लावायचे आणि कोट वरून उलटा, बाह्यांत पुढून हात घालून. यात मूल ऑपरेशनला निघाल्यासारखं दिसतं. दुसरा तोडगा म्हणजे पट्ट्यांवरून पांघरूण. ते पहिल्या वळणाला खाली पडतं आणि पुढची पंधरा मिनिटं "आजी, पांघूण" एवढंच ऐकावं लागतं. तोवर कोट शेजारच्या जागेवर ऐसपैस बसून प्रवास करत असतो आणि मूल कुडकुडत असतं. मला हे बघवेना. तेव्हा लेकीनं फोनवर एक चित्र दाखवलं. फ्लीसचा पाँचो. गळ्याला भोक असलेलं मोठं गोल कापड, वर टोपी. मूल तो घालून गाडीपर्यंत जातं. सीटमध्ये बसवताना मागचा भाग उचलून सीटच्या पाठीवरून टाकायचा, पाठ सीटला सरळ टेकली पाहिजे. पट्टे आतल्या कपड्यांवरून आवळायचे आणि पुढचा भाग पट्ट्यांवरून सोडायचा.

मी चित्र नीट पाहिलं आणि म्हटलं, "ही तर कुंची आहे."

बारशाला खणाची कुंची शिवायची तर डोक्याला टोपडं आणि मागे पाठीवरून सोडलेला झोळ. या पाँचोत झोळ पुढेही आला होता, एवढाच फरक. मी असल्या कितीतरी शिवल्या आहेत. अख्ख्या मिनेसोटा राज्यात या कामाला माझ्याइतकी लायक बाई त्या दिवशी नसावी, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

कापड आणायला गेलो. तिथल्या दुकानात गादी नाही, तक्क्या नाही, "ताई, हा बघा, नवा माल" म्हणून तागा फडकन उलगडणारा माणूस नाही. तागा आपणच काखोटीला मारायचा, टेबलापाशी न्यायचा, नंबराचं चिठोरं घ्यायचं आणि उभं राहायचं. एक गोष्ट मात्र मला फार आवडली. कापड अजून वारानं मिळतं! आपण केव्हाच मीटरवर गेलो, नऊवारी तेवढी नावाला वारांत राहिली. जगातला सर्वांत पुढारलेला देश माझ्या आजीच्या मापानं कापड फाडतो हे पाहून मला मोकळं वाटलं. पन्हा साठ इंची. एका बाजूला डायनासोर आणि आतून साधा जांभळा, प्रत्येकी दीड वार घेतला. जांभळा का, तर तो तिथल्या फुटबॉल संघाचा रंग आहे. हा फुटबॉल हातानं खेळतात. मी विचारलं नाही.

फ्लीस हे कापड मला आधी आवडलं नव्हतं. ते सुती नाही, लोकरीचं नाही, मेंढीचं तोंडही त्यानं पाहिलेलं नाही. निव्वळ पॉलिस्टर. १९७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्स या गिरणीनं ते बाजारात आणलं आणि १९९३ मध्ये पॅटागोनिया कंपनीनं प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून त्यांच्या धाग्याचं फ्लीस विकायला काढलं. म्हणजे एकेकाळी पाणी भरून ठेवायचो ते आता अंगावर घेतात. जावयांनी त्या गिरणीची आणखी एक गोष्ट सांगितली. १९९५ च्या डिसेंबरात तिला मोठी आग लागली, तर मालक आरन फॉइअरस्टीन यांनी गिरणी बंद असतानाही कामगारांना काही महिने पगार दिला. माझं लहानपण परळमध्ये गेलं, वडील साचेखात्यात. १९८२ चा संप आम्ही घरात बसून भोगलाय. गिरणी बंद आणि पगार चालू, हे दोन शब्द एका वाक्यात बसतात हे मला त्या दिवशी कळलं. "मग पुढे?" मी विचारलं. "पुढे २००१ मध्ये गिरणीचं दिवाळं निघालं." हे मात्र ओळखीचं वाटलं. तरीही त्या कापडावरचा माझा राग गेला तो गेलाच.

मशीन लेकीच्या मैत्रिणीचं आणलं होतं. प्लास्टिकचं, एका हातानं उचलता येणारं, त्यात शंभर प्रकारच्या टिपा आणि एक पडदा. माझं घरचं मशीन बिडाचं, पायानं चालवायचं, आणि त्याला एकच टीप येते, पण ती येते. कापड कातरायला घेतलं. चार पदरी घडी घालायची, घडीच्या कोपऱ्यावर गळ्याचं माप, तिथून लांबी मोजून कमान आखायची. अंब्रेला कटच्या फ्रॉकचं जे कातरकाम तेच. गळा आधी लहानच कापावा. लहान गळा मोठा होतो, मोठा गळा लहान होत नाही. लांबी गुडघ्याच्या वर ठेवली, नाहीतर चालताना पायात येऊन मूल तोंडावर पडायचं आणि सुरक्षिततेची ऐशीतैशी. दोन्ही कापडं सुलट्या बाजू आत घेऊन कडेनं शिवली आणि गळ्यातून उलटवली.

इथं माझ्या शिक्षणाचा अपमान सुरू झाला. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडेला ना तुरपाई, ना ओव्हरलॉक. कापून तसंच सोडलं तरी चालतं म्हणे! चालतं म्हणजे काय? उद्या म्हणाल भात शिजवला नाही तरी चालतो. सुई गोल टोकाची हवी, म्हणजे विणीचे धागे तुटत नाहीत, ते पटलं. टीप लांब आणि नागमोडी, तेही ठीक, कापड ताणलं तरी दोरा तुटायचा नाही. पण इस्त्री करायची नाही, कारण कापड वितळतं, हे माझ्या जिवाला लागलं. आमच्या बाई सांगायच्या, निम्मं शिवण इस्त्रीत असतं. मी शिवण नखानं दाबत बसले.

खरं युद्ध झालं ते नाड्यांवरून. कुंचीला गळ्याशी बंद हवेतच, आणि टोपडं असेल तर त्यालाही नाडी हवी, नाहीतर वारा शिरतो. लेक म्हणाली, नाडी नाही. मुलांच्या कपड्यांच्या गळ्यातली नाडी घसरगुंडीला, दरवाजात अडकून मुलं गुदमरल्याच्या घटना झाल्या आणि १९९६ मध्ये तिथल्या सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगानं कपडे शिवणाऱ्यांना मार्गदर्शक सूचना काढल्या. मी म्हटलं, "तुझ्या कुंचीला होत्या." ती म्हणाली, "आणि मी वाचले, तुझा हात होता म्हणून." यावर काय बोलणार? गळ्यापाशी चार बोटं चीर ठेवली आणि टिचबटणं लावली. ओढलं की सुटतात. गोटाही लावू दिला नाही, मूल चावून गिळेल म्हणे. आतल्या बाजूला, जिथं कोणाला दिसणार नाही तिथं, मी खणाचा एक तुकडा शिवला. देशाबाहेर राहणाऱ्या मुलांना एवढं ठाऊक असलं म्हणजे पुरे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. मराठी मध्यमवर्गात मुलाचा कपडा कधीही मापाचा नसतो, तो वाढत्या अंगाचा असतो. गणवेश पाचवीत घ्यायचा तो सातवीत बसावा असा. त्या सीटला हे तत्त्व मान्य नाही. तिच्या पट्ट्याखाली सगळं अंगाबरोबर हवं, ढगळ काही चालत नाही. पण पाँचो पट्ट्याच्या वर! तो हवा तेवढा ढगळ करा, आत भरपूर माया ठेवा, दोन हिवाळे काढा. पट्ट्याखाली विज्ञान, पट्ट्यावर आजी, अशी वाटणी झाल्यावर घरात शांतता नांदू लागली.

नातवाला मात्र मी कुंची शिवली नाही. इतक्या लहान बाळाच्या तोंडावर फ्लीस आलं तर त्याला ते बाजूला करता येत नाही. त्याला पातळ कपडे, कानटोपी, मग पट्टे, आणि पट्ट्यांवरून छातीपर्यंत खोचलेलं पांघरूण. पाठीखाली गादी, दुपटं, उशी काहीही नाही. सीटबरोबर जे आलं नाही ते बाळाच्या आणि सीटच्या मधे घालू नका, असं सीट बनवणाऱ्यांनी पुस्तकात बजावलंय. ते पुस्तक मी चाळलं. गुरुचरित्रापेक्षा त्यात विधिनिषेध जास्त आहेत.

नात पाँचोवर खूष. पहिली पाच मिनिटं गाडी बर्फाचं घर असते तेव्हा ती आत हात घेऊन बसते; हीटर तापला की स्वतःच टिचबटण सोडून भिरकावून देते. कोटाचं असं करता येत नव्हतं, तो काढायचा तर गाडी थांबवून पट्टे सोडावे लागत आणि तोवर ती घामाघूम होऊन भोकाड पसरत असे. आता अडचण उलटी झालीय. ती तो घरातही काढत नाही. जेवतानाही डायनासोर बाहेर. आमटीचे डाग फ्लीसवरून निघतात, हे मी खात्रीनं सांगू शकते.

जानेवारीत संक्रांत आली. मंडळातल्या एका घरी हळदीकुंकू आणि नातीचं बोरनहाण ठरलं. काळं नेसायचं म्हणून मी काळ्या फ्लीसची नवी कुंची शिवली. हलव्याचे दागिने घरूनच घालून निघूया असं माझ्या मनात होतं, पण जावयांनी नुसतं सीटकडे बोट दाखवलं. पट्ट्याखाली हार चालत नाही. तेव्हा दागिने डब्यात गेले आणि तिथं पोचल्यावर अंगावर चढले. बोरांच्या जागी ब्लूबेरी होत्या. मुलांनी त्या वेचल्या आणि यजमानीणबाईंच्या गालिच्यावर तुडवल्या.

वाण काय लुटायचं हा प्रश्न मी आधीच सोडवला होता. किराणा दुकानातून सामान ज्या खाकी कागदी पिशव्यांतून येतं त्या उसवून, इस्त्री करून (कागद वितळत नाही) मी पाँचोचे नमुने कापून ठेवले होते. दोन वर्षांच्या मुलाचा, चार वर्षांच्या मुलाचा. गळा कुठं, चीर कुठं, टिचबटण कुठं, सगळं निळ्या पेनानं लिहिलेलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: मागचा भाग सीटच्या पाठीवरून टाकणे, नाडी लावू नये. प्लास्टिकच्या डब्या आणि कुंकवाचे करंडे घेऊन आलेल्या बायका आपापली वाणं विसरून माझ्याभोवती जमल्या. एकीनं विचारलं, साठ इंची पन्ह्यात दोन निघतील का? निघत नाहीत, मी करून बघितलं होतं. दुसरी म्हणाली, तिच्या सासूबाई जूनमध्ये येणार आहेत, त्यांना शिवता येतं, पण जूनमध्ये शिवून काय करू? मी म्हटलं, वाढत्या अंगाचा शिवायला सांग.

तिसरी जरा बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, आमच्या ह्यांच्या मापाचा होईल का? गाडीत बसले तरी तो जाडा कोट काढत नाहीत, आणि पट्टा वरूनच लावतात." गृहस्थ पलीकडे गुळपोळीवर तूप घेत होते. मी त्यांना नजरेनं मापलं. सहा फुटांच्या वर, आणि घेरही तसाच. साठ इंची पन्ह्यात बसणार नाहीत, मधे जोड द्यावा लागेल, असं मी स्पष्ट सांगितलं. मग जोड कुठल्या रंगाचा द्यायचा यावर चर्चा सुरू झाली. बहुमत जांभळ्याकडे होतं.